गलाईचा फेटा

फेटा बांधावा तर आमच्या नाथाजीनं. गावात लग्न असलं की घोडी दारात खोळंबते, करवल्या चिडतात, वाजंत्री एकच गाणं तिसऱ्यांदा वाजवतात, पण नाथाजी आल्याशिवाय नवरदेवाच्या डोक्याला कुणी हात लावत नाही. बांधताना तो एक शब्द बोलत नाही. बोलणार कसा? श्वास पुरत नाही. दोन वेढे घेतले की थांबतो, भिंतीला हात टेकतो, मग पुढचे दोन. पाहुण्यांना वाटतं, काय हा माणूस सावकाश, नजाकतीनं बांधतोय! मी ते ऐकतो आणि गप्प बसतो.

हे मी कौतुकानं लिहितोय असं समजू नका. नाथाजी माझा शाळेपासूनचा दोस्त, आणि दोस्ताचं कौतुक करायची सवय मला फौजेनं लावली नाही. मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो, गावात पिठाची गिरणी टाकली, आणि तेव्हापासून रोज सकाळी हा गिरणीसमोरच्या बाकावर येऊन बसतो. पिठानं खोकला उसळतो म्हणून आत येत नाही, आणि घरी त्याची बायको, रंगूवहिनी, औषधाची आठवण करून देतात म्हणून घरी थांबत नाही. तोंडात एकही दात नाही. चाळिशीतच सगळे गेले. बिस्कीट चहात बुडवून खातो आणि वर मलाच म्हणतो, "तुला तुज्या दातांचा लय गर्व झालाय, सुभेदार."

त्याचे दात गेले आणि छाती गेली ती गलाईत.

आमचं गाव वडूजपासून पाऊण तासावर. पाऊस आमच्याकडं आला तर येतो, नाहीतर कऱ्हाडलाच थांबतो. म्हणून आमच्या पट्ट्यातली माणसं दोनच वाटांनी बाहेर पडली. एक वाट माझी, फौजेची. दुसरी नाथाजीची. गलाई म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचं काम. देशातल्या कुठल्याही सराफ बाजारात जा, मागच्या बोळात, एखाद्या माडीवर, आमच्याकडचा माणूस भट्टी लावून बसलेला सापडेल. सोनारांकडून मोडीचं सोनं आणायचं, चांदी घालून वितळवायचं आणि मग तेजाबात, म्हणजे ॲसिडात टाकायचं. तेजाब चांदी-तांबं खाऊन टाकतं, सोनं तेवढं तळाला राहतं. ते खाताना त्यातून विटकरी रंगाचा धूर निघतो. दार बंद, कारण आत सोनं. खिडकी बंद, कारण शेजारी तक्रार करतात. मग धूर जाणार कुठं? तो नाथाजीच्या छातीत गेला.

खरं तर आम्ही दोघं एकाच दिवशी भरतीला धावलो होतो. धावण्यात तो माझ्या पुढं होता. पण छाती मोजायची वेळ आली तेव्हा त्याची बोटभर कमी भरली. टेप लावणारा जमादार म्हणाला, "और फुलाओ." नाथाजीनं फुगवली, लालबुंद झाला, तरी भरेना. मी आत गेलो आणि तो एस.टी.नं परत आला. त्या साली विहिरींना पाणी नव्हतं. जत्रेत, मदुराईला गलाईचं दुकान असलेल्या आमच्याच गावच्या दादासो शेठनं त्याच्या डोक्याला फेटा बांधला आणि चार दिवसांनी नाथाजी मदुराईला पोचला.

हे फेट्याचं नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. चैत्रात आमच्या सिद्धनाथाची जत्रा असते. दुपारी कुस्त्यांचा फड भरतो. फडाशेजारी मंच असतो, आणि कुस्त्या सुरू व्हायच्या आधी मंचावर सत्कार होतात. त्या वर्षी गलाईला जो जाणार, त्याचं नाव भर गर्दीत पुकारतात आणि शेठच्या हस्ते त्याला फेटा बांधतात. फेटा बांधला म्हणजे तो "येतो" म्हणाला. त्याला वेगळं कुणी विचारत नाही. आणि अख्ख्या गावादेखत होणाऱ्या सत्काराला नको म्हणणारा माणूस आमच्या जिल्ह्यात अजून जन्माला यायचाय. आम्ही पंक्तीत वाढलेली पुरणपोळीसुद्धा नको म्हणत नाही. फौजेतही मला कुणी फार विचारलं नव्हतं, पण सही करायच्या आधी निदान सांगितलं होतं, की बाबा, यात मरायचीही सोय आहे.

दादासो शेठ गेले. त्यांचा मुलगा उदयसिंह दुकान सांभाळू लागला. त्याला सगळे उदयशेठ म्हणतात. उदयशेठ आणि नाथाजी तरुणपणी एकाच भट्टीवर बसायचे, एकाच खोलीत झोपायचे. बापानं मुलाला सूट दिली नव्हती. म्हणून उदयशेठचेही दात बसवलेले आहेत, फक्त ते चांगले महागाचे आहेत.

हा उदयशेठ वाईट माणूस असता तर मला हे लिहायला सोपं गेलं असतं. तो वाईट नाही. देवळाचा कळस त्यानं केला, शाळेची पत्र्याची खोली त्यानं पाडून पक्की बांधली. नाथाजीची छाती पार बसली तेव्हा त्याला स्वतःच्या गाडीतून मदुराईहून थेट मिरजेच्या दवाखान्यात आणला. घरात ऑक्सिजनचं मशीन बसवून दिलं, वीज जाते म्हणून इन्व्हर्टर दिला, दर महिन्याचं औषध वडूजच्या दुकानात लावून दिलं. नाथाजीचा मुलगा ऋषिराज खंडाळ्याला कंपनीत कंत्राटावर आहे, त्याच्यानं हे झालं नसतं. रंगूवहिनी उदयशेठचं नाव घेताना पदर सावरतात.

फक्त एक आहे. उदयशेठ कधी कुणाकडं काही मागत नाही. तो आधी देतो. मागायची पाळी येते तोवर समोरचा इतका वाकलेला असतो, की मागावंच लागत नाही. मला हे फार उशिरा लक्षात आलं आणि आलं तेव्हा फार राग आला. पण देणाऱ्या माणसावर रागवायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

परत आल्यावर नाथाजीला करण्यासारखं काही नव्हतं. तेव्हा उदयशेठनं त्याला मान दिला. म्हणाला, जत्रेत पोरांना फेटे आता माझ्याऐवजी नाथाजीमामाच बांधतील, गलाईतला जुना माणूस आहे. तेव्हापासून दर चैत्रात नाथाजी मंचावर उभा राहतो आणि पोरांना फेटे बांधतो. पोरांच्या आया आदल्या दिवशी त्याला विचारायला येतात, "दादा, काम कसं हाय?" तो सांगतो, "बरं हाय. गूळ खायाचा तेवढा."

गुळाचं असं, की आमच्याकडं सगळे मानतात, तेजाबाच्या धुरावर गूळ हा उतारा आहे. जबड्यात गुळाचा खडा धरून भट्टीवर बसलं की धूर गुळाला चिकटतो आणि छातीत न जाता पोटात जातो. कुणी शोध लावला देव जाणे. प्रत्येक आई पोराबरोबर गुळाची ढेप देते. नाथाजीनंही सगळी वर्षं गूळ चघळला. त्यानं छाती वाचली नाहीच, उरलेले दात मात्र लवकर पडले. मिरजेच्या डॉक्टरांनी त्याला हे स्पष्ट सांगितलं होतं. मी शेजारीच उभा होतो.

गेल्या चैत्रात गलाईसाठी एकच नाव होतं, साईराजचं. हा नाथाजीच्या चुलत बहिणीचा, हरणाबाईचा मुलगा. नवरा गेल्यावर हरणाबाई दोन लेकरं घेऊन माहेरी आली ती इथंच राहिली. साईराजला मी स्वतः पहाटे पळवायचो. पोरगा हरणासारखा पळायचा, पण भरती लांबली, मग झाली, मग पुन्हा लांबली, आणि त्याचं वय निघून गेलं. खंडाळ्याला ऋषिराजच्याच कंपनीत लागला होता, पण तिथं कंत्राटी पोरांना काही महिन्यांनी "ब्रेक" देतात आणि पुन्हा बोलावतीलच असं नाही. याला बोलावलं नाही. धाकटी संयोगिता साताऱ्याला नर्सिंग शिकते. तिची फी उदयशेठनं भरली. मागितली नव्हती. एक दिवस भरल्याचं कळलं.

जत्रेच्या तीन-चार दिवस आधी हरणाबाई गिरणीवर आली. नाथाजी नेहमीप्रमाणं बाकावर. तिनं दळणाचा डबा माझ्याकडं दिला आणि पिशवीतून गुळाची ढेप काढून नाथाजीच्या मांडीवर ठेवली.

"दादा, वास घिऊन बगा. कऱ्हाडकडच्या गुऱ्हाळातनं आनलाय, बिगर-केमिकलचा. कसलाच सोडा न्हाई ह्यात."

नाथाजीनं वास घेतला. "चांगला हाय."

"साध्या गुळापरीस ह्यो धूर जास्त धरंल न्हवं?"

मी गिरणी बंद केली. पट्टा फिरायचा थांबला. नाथाजी ढेपेकडं बघत होता. हरणाबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती, आणि त्या तोंडात एकही दात नाही हे तिला रोजच दिसत होतं. पण रोज दिसतं ते माणूस कुठं बघतो?

"धरंल," नाथाजी म्हणाला.

ती समाधानानं गेली. तिला पाठ फिरवू दिली आणि मी त्याच्यावर घसरलो.

"लाज वाटत न्हाई? सख्खी म्हणावी अशी बहीण. तिला खोटं सांगतोस?"

"मग काय सांगू?"

"खरं सांग. गुळानं काही होत नाही, हे सांग. डॉक्टरनं तुला माझ्यादेखत सांगितलंय."

"आन् माजं मशीन?" तो म्हणाला. "उद्या शेठनं उचलून नेलं तर? रातचं त्येच्याबिगर मला निजता येत न्हाई, सुभेदार. पान्यात बुडल्यागत हुतंय."

"तुझ्या ऋषिराजला का नाही नेलंस रं मदुराईला?" मी विचारलं. हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

"त्यो अभ्यासात बरा हुता."

"कवा? दहावीला तीनदा बसला त्यो!"

नाथाजी हसला आणि हसता हसता त्याला खोकला लागला. खोकला थांबेपर्यंत मी त्याची पाठ चोळत राहिलो. मला त्याचा भयंकर राग आला होता आणि तितकीच दयाही येत होती. ही दोन्ही एकदम आली की माणसाचे हात काय करायचं ते विसरतात.

"मशीन बी जाऊं दे गड्या," तो तोंड पुसत म्हणाला. "मी आजवर ज्यास्नी फेटं बांधलं त्यांच्या आया हायती गावात. आता खरं बोललो तर त्या म्हनतील, आमच्या पोरांच्या टायमाला तुजी जीब कुटं गेलती? त्यास्नी काय सांगू?"

मी तरीही म्हणालो, "पोरगा तुझा भाचा आहे. बघ बाबा." आणि हरणाबाईचं दळण टाकलं.

पुढचे तीन दिवस नाथाजी बाकावर आला नाही. रंगूवहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "फेट्याचं कापड काडून इस्त्री करत बसल्यात. एकाच कापडाला तीनदा इस्त्री केली."

जत्रेच्या दिवशी मंचावर माईक माझ्याकडं असतो. फौजेतला आवाज आहे म्हणून गावानं हे काम मला कायमचं दिलंय. ऊन कलायला लागलं होतं. खाली फडात पैलवान अंगाला माती लावून उभे, एका अंगाला बायका, झाडांवर पोरं. उदयशेठ पांढऱ्या कपड्यात खुर्चीवर. मी देणगीदारांची नावं घेतली, मग साईराजचं नाव पुकारलं. तो वर आला, सगळ्यांच्या पाया पडला आणि पाटावर बसला. नाथाजीनं कापड उलगडलं, एक टोक स्वतःच्या दातांत धरायची बाकीच्यांची पद्धत, ह्याला दात नाहीत म्हणून ते साईराजच्याच हातात दिलं, आणि वेढे घ्यायला सुरुवात केली.

दोन वेढे झाले. थांबला. पुन्हा दोन झाले. पुन्हा थांबला. लोकांना सवय होती. पण या वेळी त्यानं पुढचा वेढा घेतला नाही. उरलेलं कापड साईराजच्या खांद्यावर सोडलं आणि माझ्याकडं हात केला.

मी माईक त्याच्या तोंडाजवळ धरला. मला माहीत होतं तो काय बोलणार.

"साईराज," नाथाजी म्हणाला. आवाज भोंग्यातून फुटून गावभर गेला. "गुळानं काय हुत न्हाई, पोरा. मी सारी वर्सं खाल्ला. माजं दात त्या धुरानं गेलं. छाती गेली. धाप लागल्याबिगर मला चार पावलं चालाय येत न्हाई, मशीनवर निजतो." मध्ये श्वास घ्यायला थांबला. तोही आवाज भोंग्यातून आला. "शेठचं बी दात बसवल्यालं हायती. इचारा त्येंस्नी."

सगळं गाव उदयशेठकडं बघायला लागलं. तो हलला नाही. मग मान हलवली आणि म्हणाला, "खरं हाय."

"आजवर तुमाला कुनी इचारलं न्हाई," नाथाजी म्हणाला. "मलाबी इचारलं नव्हतं. आज मी इचारतो. हे समदं ऐकूनशान बी तुला जायाचं हाय का? न्हाई म्हन, फेटा सोडतो. गाव काय म्हननार न्हाई."

आइसक्रीमवाल्यानंसुद्धा घंटी हातात धरून ठेवली. अर्धा फेटा डोक्याला, अर्धा खांद्यावर, असा साईराज बसला होता. त्यानं आईकडं बघितलं नाही. समोर मातीकडं बघत राहिला.

"जायाचं हाय, मामा," तो म्हणाला. "बांधा. उरल्यालं वेढं घ्या."

कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. शिट्ट्या झाल्या. बायकांतून दोघी-तिघी उठून चालत्या झाल्या, त्या आधी फेटा बांधून गेलेल्या पोरांच्या आया, हे मी बघितलं आणि नाथाजीनंही बघितलं. त्यानं फेटा पुरा केला. तुरा नेहमीसारखा ताठ उभा राहिला. मी पहिल्या कुस्तीची जोडी पुकारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाथाजीकडं गेलो तो मशीन न्यायला कुणी आलं तर भांडायच्या तयारीनं. रंगूवहिनींनी सांगितलं, त्या उठून गेलेल्यांपैकी एकजण येऊन गेली. पाणी प्यायली, नाथाजीच्या मशीनकडं बराच वेळ बघत बसली आणि गेली. नाथाजी पलंगावर उशीला टेकून बसला होता. रात्रभर डोळा लागलेला दिसत नव्हता.

तेवढ्यात उदयशेठची गाडी दारात थांबली. तो एकटाच आत आला. पलंगाशेजारची खुर्ची ओढून बसला. रंगूवहिनी चहा ठेवायला म्हणून आत गेल्या आणि दाराआड उभ्या राहिल्या.

"नाथाजी, काल तुजा लय राग आला मला," तो म्हणाला. "मंचावरनं उठून जावं वाटलं."

नाथाजीनं पांघरूण गुडघ्यांवर ओढून घेतलं.

"मग घरी जाऊन इचार केला. म्हटलं, बरंच केलंस तू. आजवर माज्या माघारी लोकं बोलायची, उदयशेठ पोरं फसवून न्हेतो. मला कळत न्हवतं व्हय? काल तू गावादेखत समदं सांगितलंस. पोरगा गावादेखत व्हय म्हनाला. आता माज्याकडं बोट दावायला कुनाला जागा न्हाई. लय वर्सांनी हलकं वाटलं बग."

"आन् मशीन?" नाथाजीनं विचारलं.

"मशीनचं काय? वेडा हायस का? ऱ्हाऊं दे की तुज्याकडं." उदयशेठला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "पुढल्या वर्सापास्नं असंच करायचं. आदी तू समदं सांगायचं, काय बी झाकायचं न्हाई. मग इचारायचं. व्हय म्हनला तरच फेटा."

"धुराडं बसवाल का भट्टीवर?" नाथाजीनं जरा धीर करून विचारलं.

"बगू. जागेचा मालक भिंतीला भोक पाडू देत न्हाई. पर बगू."

नाथाजीचा चेहरा खुलला. खोटं सांगून पाठवायचं त्याच्या वाट्याला आता येणार नव्हतं आणि श्वासही कुणी नेणार नव्हतं. इतक्या वर्षांनी त्याला दोन्ही एकदम मिळालं. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. सांगून, विचारून, मग नेणं, यात चूक कुठं काढणार? मी उदयशेठच्या पाठीवर थापसुद्धा मारली. रंगूवहिनींनी चहात साखर जास्त घातली होती.

चहा संपतोय तोवर साईराज आला. पाठीवर सॅक, मागं हरणाबाई. गाडी त्यालाच घेऊन जाणार होती. तो नाथाजीच्या पाया पडला. नाथाजीनं त्याचा हात धरून पलंगावर शेजारी बसवला.

"समदं ऐकूनशान व्हय म्हनलास," तो म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता. "आमी गेलो तवा आंधळ्यागत गेलो. तू डोळं उगडं ठिवून चाललायस. सोताच्या मनानं. व्हय का न्हाई?"

साईराजनं सॅक काढून पायाशी ठेवली. तो पोरगा उद्धट नाही, मी त्याला पहाटेच्या काळोखात महिनोन्‌महिने पळवलंय, मला माहीत आहे. त्याला खरंच काहीतरी विचारायचं होतं आणि काल मंचावर ते विचारता आलं नव्हतं.

"मामा," तो म्हणाला, "व्हय म्हनल्यावर काय हुतं, ते तुमी काल सांगितलं. मी न्हाई म्हनलो असतो, तर आज सकाळी उठून मी काय करायचं हुतं?"

टोमणा नव्हता. तो थांबला. उत्तर मिळेल म्हणून थांबला. नाथाजीनं माझ्याकडं बघितलं. मी उदयशेठकडं बघितलं. उदयशेठ कपातला तळाचा चहा हलवत होता. दाराशी हरणाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती आणि ती कुणाकडंच बघत नव्हती.

"चला, टाईम हुतोय," उदयशेठ उठत म्हणाला.

"येतो, मामा," साईराज म्हणाला. मला हात जोडले, आईच्या पाया पडला आणि गाडीत पुढं बसला. गाडी देवळाला वळसा घालून वडूजच्या रस्त्याला लागली.

नाथाजी भिंतीला धरत धरत दारापर्यंत आला होता. रंगूवहिनींनी आतून हाक मारली, ती त्याला ऐकू गेली नाही.

"सुभेदार," तो म्हणाला, "काय सांगाय पायजे हुतं रं त्याला?"

हरणाबाई आम्हा दोघांकडं बघत होती.